जैतून, एवढं वाचू नकोस

सोलापूर, विजापूर वेस
ता. ५ ऑगस्ट १९२६

अम्मांना खातूनबीचा सलाम.

पाकिटावरचं माझं अक्षर जैतूननं ओळखलं असेल आणि तुम्ही पत्र चुलीत घालायला उठला असाल. जरा बसा. चूल कुठं पळून जात नाही. तुमच्या लेकीला मी वाचायला शिकवलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता की पोरीच्या जातीला अक्षरं काय चाटायची आहेत. आज ती नसती शिकली तर तुम्हांला हे पत्र स्टेशनमास्तरांकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग साऱ्या होटगीला कळलं असतं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकले, तिला तेवढंच दिलं, म्हणून मराठीतच लिहिते.

तलाकानंतरची माझी तीन महिन्यांची इद्दत परवा संपली. आईच्या घरी दाराआड बसून काढली. तुमच्या मुलानं तलाक एकदाच म्हटलं होतं. मनात आणतील तर इद्दतीच्या आत येऊन तुला घेऊन जाऊ शकतात, असं काझीसाहेबांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. सुरुवातीला होटगीची गाडी यायच्या वेळेला मी वेणी घालून बसत होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पुढं पुढं गाडीची शिट्टी झाली की मी पीठ मळायला घेऊ लागले. ते आले नाहीत. आता मी तुम्हांला परकी झाले, आणि परक्या बाईला बोलायची जी मोकळीक असते ती घेऊन हे लिहिते.

मायाक्काच्या लग्नातली गोष्ट तुम्ही तुमच्या सोयीनं सगळीकडे सांगता, म्हणून एकदा माझ्याकडून ऐका. धनगराची मुलगी, मेंढरं आवरून आणि पाणी शेंदून हात रुंद झालेला. मी तिचा हात दाबून बघितला आणि अडीचाच्या मापाच्या बांगड्या काढल्या. तुम्ही त्या बाजूला सारून सव्वादोनाच्या घेतल्या. तुमचं म्हणणं असं की, सैल बांगडी कोणीही भरेल, अंगासरशी बसवते ती खरी मण्यारीण. दोन-चार चढल्या आणि एक अंगठ्याच्या सांध्याशी फुटली. आपल्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, ते तुम्हीच मला शिकवलंत. पण ती फुटली, आणि हळदीच्या हातावर रक्त आलं. नवरीची आई अंबुबाई रडायला लागली, तेव्हा तुम्ही भर मांडवात म्हणालात की माप सुनेनं काढलं होतं.

घरी येऊन जेवताना मी पाहुण्यांसमोर खरं काय ते सांगितलं. मी गप्प बसायला पाहिजे होतं असं मला अजूनही वाटत नाही. तुम्ही ताट सारून म्हणालात, "घर में ये रहेगी, नइं तो मैं." तुमच्या मुलाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी खाली ठेवला, तलाक म्हटलं, आणि तुकडा उचलून खाल्ला. मला तलाकापेक्षा तो तुकडा जास्त आठवतो.

ते झालं. मुलगा तुमचा, तुम्हांला लखलाभ. पण गेल्या आठवड्यात तुम्ही सोलापूरला माल घ्यायला आला होता आणि मण्यार गल्लीत पंचवीस बायांसमोर म्हणालात, टाकलेल्या बाईच्या हातचा चुडा लाभत नाही. अम्मा, माझं आणि आईचं पोट ह्या हातावर आहे. बाबा गेल्यापासून त्यांची पाटी आमच्याकडे रिकामी पडली आहे, ती भरून मी घरोघर फिरणार आहे. हा हात तुम्ही तयार केलात. कच्च्या मडक्याच्या गळ्यावरून बांगड्या चढवायला लावून, चुकलं की बोटांवर काडी मारून. आता तोच अपशकुनी ठरवलात तर मी खायचं काय? तेवढा शब्द परत घ्या. दुसरं काही मागत नाही.

जैतून, एवढं वाचू नकोस: तुझ्या भावाची पाठ पावसात धरते. खोबरेल कोमट करून कापूर घालून चोळायला सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

खातूनबी


सोलापूर
ता. १० ऑक्टोबर १९२६

अम्मांना सलाम.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पाकीट परत आलं नाही, तेव्हा चुलीत जाण्याआधी वाचलं तरी गेलं असावं.

तुमचा शब्द फार चांगला चालतो आहे, हे कळवायला हे पत्र. नागपंचमीला मी पाटी डोक्यावर घेऊन निघाले. ज्या घरांत बाबांना गूळपाणी मिळायचं त्या घरांत मलाही बसायला घोंगडी टाकली. बाया बांगड्या बघत, रंग काढत, हातात धरून उन्हात फिरवत. मग "पुढल्या खेपेला बघू" म्हणून आत जात. हात मात्र कुणी पुढं करत नव्हतं. आपल्याच गल्लीतली तुमची मावसबहीण तर मला बघून पदराखाली हात घेऊन उभी राहिली, मी काय ओढून भरणार होते का. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. आईनं चहा केला आणि त्यात साखर जास्त घातली.

मग गौरम्मांनी बोलावलं. बाळीवेशीत चनमल्लप्पांचं भांड्याचं दुकान आहे, त्यांची बायको. त्यांची सून दाक्षायणी पोटुशी, तिची ओटी भरायची होती, त्याआधी हिरवा चुडा हवा. मी पाटी उतरवली तशी शेजारची चंद्रव्वा दारातूनच म्हणाली, "गौरम्मा, हिला नवऱ्यानं सोडलंय की. पोटुशीला हिच्या हातचं नको."

गौरम्मांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. "बांगडी काय नवऱ्याची हाय व्हय? काचंची हाय. भरू दे की."

"न्हाय, पण लोक म्हणत्यात."

"लोकांच्या हातात भरायची न्हाय. माज्या सुनंच्या हातात भरायची हाय. तू बस हितं, न्हायतर जा तितं."

चंद्रव्वा बसली. कुठं काय होतंय ते बघायला मिळत असेल तर माणूस बसतंच. मी दाक्षायणीचा हात घेतला. इतका मऊ, की माप दाबून बघायची सुद्धा गरज नव्हती, तरी दाबला, कारण तुमचा नियम आहे. एक सुद्धा वाढली नाही. भरून झाल्यावर ती पोर पोट सांभाळत वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चुडा भरणारी त्या घटकेला सगळ्यांहून मोठी, भरून घेणारी कुणी का असेना, तिनं सलाम केल्याशिवाय उठायचं नाही. तेव्हा मला ती तुमची बढाई वाटली होती. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी काचेची कूस गेली म्हणून सांगितलं.

आता गिरणीच्या बाया येतात. संध्याकाळचा भोंगा झाला की महानंदा नावाची एक बाई चार जणींना घेऊन आमच्या ओट्यावर येते. त्यांना शकुन-अपशकुनाला सवड नाही. साच्यावर सूत धरताना बांगड्या टिकत नाहीत, म्हणून परत परत येतात. महानंदा म्हणते, "तुला नवऱ्यानं सोडलं, मी नवऱ्याला सोडलं. आपलं दुकान लई चालणार बघ." मला हसू आवरलं नाही. अम्मा, तुमच्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी हसले नव्हते.

म्हणजे उपाशी नाही. पण आपल्या माणसांत, लग्नाच्या घरांत, अजून तुमचाच शब्द चालतो, आणि मण्यारणीचं खरं पोट लग्नाच्या चुड्यावर भरतं हे तुम्हांला मी सांगायला नको.

तुमच्याकडे अक्कलकोटची नवी सून आल्याचं ऐकलं. मुबारक असो. बकरी बघून घाबरते म्हणतात. सांभाळून घ्या, बकरीलाही आणि तिलाही.

जैतून, एवढं वाचू नकोस: ती नवी मुलगी जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसत असेल. तिच्यासाठी कालवण अगोदर काढून ठेवत जा. माझ्यासाठी ठेवत होतीस तसं.

खातूनबी


सोलापूर
ता. १९ डिसेंबर १९२६

अम्मांना सलाम.

जैतूनचे अब्बा काल येऊन गेले. डोक्याला मफलर, हातात रेल्वेचा कंदील, आणि दारात उभे राहून आत येऊ का विचारत होते. आईनं त्यांना खाटेवर बसवलं. चहा पिऊन होईपर्यंत ते रुळांचे सांधे बदलायच्या खटक्यांविषयी बोलत राहिले. मग म्हणाले, जैतूनचं लग्न ठरलं, संक्रांतीनंतर. आणि पुढचं बोलायला त्यांना दुसरा कप लागला.

तुमचा निरोप मिळाला. जैतून हटून बसली आहे की चुडा भाभीच्या हातचा, नाहीतर हात मोकळे. म्हणून मी अंधार पडल्यावर यावं, परसाच्या दारानं शिरावं, चुडा भरावा, आणि कुणी उठायच्या आत पहिल्या गाडीनं निघून जावं. कुणाला कळता कामा नये.

येणार नाही.

जैतून, तू रडू नकोस, वाच पुढं. अम्मा, जो हात चोरून चालतो तो उजेडात का चालत नाही? मी तुमच्या घरी चोरीला येत नाही, चुडा भरायला येते. पुढच्या दारानं बोलवा. आणि जिथं चार बायांत तो शब्द टाकलात तिथंच चार बायांत तो उचला. मग मी जैतूनला असा चुडा भरीन की पाहुणे मंडळी मांडव सोडून हात बघत बसतील.

मी अब्बांना विचारलं, अम्मा स्वतः का भरत नाहीत. त्यांनी कंदिलाची काच पुसायला घेतली, ती पुसलेलीच होती. मग म्हणाले, "पावसाळ्यापासून तिचा हात थरथरतो. माल विकते, भरत नाही. डोळे दुखतात म्हणून सांगते." मला हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. मी तशी वाट पाहिली. नाही वाटलं.

अब्बांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी कालपासून हसते आहे. मी जैतूनला 'वाचू नकोस' म्हणून लिहिते ते म्हणे तुम्हीच आधी वाचून घेता. पाकीट फोडल्या फोडल्या म्हणता, "क्या नक्को पढ बोली, वो पैले पढ." आणि तुमच्या मुलाच्या पाठीला कापराचं तेल तुम्ही स्वतः चोळलंत. बरं केलंत.

दाक्षायणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. बारशाला चंद्रव्वानं माझ्यापुढं स्वतःहून हात केला, तोंडानं मात्र म्हणाली, "जुन्या लई झिजल्यात म्हणून." मी म्हटलं, झिजल्यात खऱ्या.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मी यंदा पाटी मांडणार आहे. चनमल्लप्पांच्या भांड्यांच्या पालाशेजारी, डाव्या अंगाला. नुसतं कळवलं.

खातूनबी


सोलापूर
ता. १७ जानेवारी १९२७

अम्मांना खातूनबीचा सलाम, आणि जैतूनला खूप खूप दुवा.

अम्मा, तुम्ही म्हणाल मला काय सांगतेस, मी तिथंच होते. पण वाचणारी तिथं नव्हती. लग्न ठरलेल्या मुलीला जत्रेत कशाला न्यायचं म्हणून तुम्ही तिला घरी ठेवलंत, तर तिला ऐकू द्या. तुम्ही आपल्या बाजूनं तिला सांगितलं असेलच, आणि त्यात तुमची बाजू थोडी जास्त उजळ असेल.

जैतून, सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर माणूस माणसाला चिकटून चाललं होतं. नंदीध्वजाच्या काठ्या नुकत्याच मिरवत गेल्या होत्या. बाया तिळगूळ वाटून बांगड्या भरायला वळल्या होत्या. मी चटईवर बसलेली, समोर महानंदा तिच्या गिरणीतल्या मैत्रिणी रांगेला लावत होती. मी नको म्हटलं तरी ती मालकीण असल्यासारखी ओरडत होती. आपल्या मण्यार गल्लीच्या बाया समोरच्या अंगाला आपापल्या पाट्या मांडून होत्या, तुझी ती मावशीसुद्धा.

तेवढ्यात अम्मा आल्या. मागं अब्बा, त्यांच्यामागं ती नवी भाभी, डोक्यावर गाठोडं घेऊन. मला वाटलं, आता इथंही बोलणार. समोरच्या सगळ्या पाट्यांवरचे हात थांबले. मावशीनं तर पदर कानामागं घेतला, एक शब्द निसटायला नको म्हणून.

अम्मांनी चपला काढल्या. माझ्या चटईवर बसल्या, रांग मोडून. महानंदा म्हणाली, "ओ म्हातारे, मागं." अम्मांनी तिच्याकडं असं बघितलं की महानंदा, जी गिरणीच्या मुकादमाला ऐकत नाही, ती स्वतः मागं झाली. अम्मांनी मनगटातल्या जुन्या बांगड्या घरीच उतरवून ठेवल्या होत्या. मोकळा हात त्यांनी माझ्यापुढं केला, आणि समोरच्या अंगाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "इसका हात मैंच बनाई. भर."

बस, एवढंच. चुकलं म्हणाल्या नाहीत, शब्द परत घेतला म्हणाल्या नाहीत. माझ्या हाताची सगळी वाहवा स्वतःच्या पदरात घेऊन मोकळ्या झाल्या. पण अम्मा, खरं सांगते, ह्याहून चांगलं मला मागताही आलं नसतं. तुम्ही माफी मागितली असती तर त्या बायांनी ती चघळून थुंकली असती. तुम्ही हक्क सांगितलात, त्याला कुणी काय बोलणार.

मी हिरव्या भरल्या, मधे एकेक सोनेरी काठाची. एकही वाढली नाही. भरून झाल्यावर तुम्ही उठायला लागलात, थांबलात, आणि उजवा हात कपाळाला नेऊन मला सलाम केलात. सासू सुनेला करते म्हणून नव्हे, सून तर मी आता नाही. नियम आहे म्हणून. तुमचा नियम.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हांला माहीत नाही, ते ऐका. पहिली उठून आली ती मावशी. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे, चुडा मीच भरायचा म्हणाली. मी म्हटलं, भरीन, पण त्याआधी पदराखालचे हात बाहेर काढ. ती हसली, मग सगळ्या हसल्या. दिवे लागेपर्यंत पाटी रिकामी झाली. घरी आले तर आईनं गोड शेवया केल्या होत्या, कारण तिला कुणीतरी अगोदरच पळत येऊन सांगितलं होतं. आम्ही दोघी दारात बसून खाल्ल्या. अम्मा, मी सुखात आहे. तुमच्या मुलाचा मला राग नाही. गर्दीत अब्बा म्हणाले की ते बाहेर टांग्यापाशी उभे आहेत, आत यायला लाजतात. मी म्हटलं, लाजू द्या, तेवढं बरं असतं. मला तिथं जाऊन बघावंसंही वाटलं नाही, आणि न वाटल्याचं आश्चर्यही वाटलं नाही. ती नवी मुलगी मात्र मला आवडली. भरायचं चाललं होतं तेव्हा ती माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती. तिला कच्चं मडकं द्या अम्मा. बोटांवर काडी मात्र जरा कमी मारा.

जैतून, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. पुढच्या दारानं. हातांना रोज रात्री तेल लाव, आणि आजपासून घागर उचलू नकोस.

जैतून, आता एवढं वाचू नकोस: मी अम्मांचा हात घेतला आणि नेहमीसारखा दाबून बघितला. थरथरत होता, म्हणून जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्यांचं माप अडीच, हे साऱ्या मण्यार गल्लीला माहीत आहे. भरलेला, भारदस्त हात, आयुष्यभर त्याचा त्यांना केवढा अभिमान. आता बोटांत हाडंच लागली. मला कळलं की अडीचाच्या बांगड्या त्या मनगटातून चालता चालता गळून पडतील. समोर सगळ्या बघत होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "अम्मांचं अडीच," आणि पाटीतून सव्वादोनाच्या काढून भरल्या. काढताना बांगड्यांच्या माळेवर हात आडवा धरला, कुणाला दिसलं नाही.

पहिली बांगडी सांध्यावरून उतरली तशी त्यांनी माझ्याकडं बघितलं. माप न बघता ओळखणारी बाई ती, तिला काय कळायचं राहतंय. फक्त हात सैल सोडला, भरायला शिकवताना मला सांगायच्या तसा. सलाम त्यानंतरचा.

त्यांना रोज झोपताना दूध दे, वर साय घालून. नको म्हणतील, ऐकू नकोस. आणि थोड्या दिवसांनी बांगड्या मनगटात घट्ट व्हायला लागल्या तर लगेच मला कळव. मी अडीचाच्या घेऊन येईन.

तुझी भाभी
खातूनबी